समताची लाल झेंडी

जानेफळ,
८ जुलै २०२४

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही एक शब्द न बोलता फोन आईच्या हातात देता. मागून तुमचं खाकरणं मात्र ऐकू येतं, म्हणजे तुम्ही तिथंच उभे असता. म्हणून हे पत्र. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस लिहिलेला कागद न वाचता टाकून देईल, असं मला वाटत नाही. चुका काढायला का होईना, वाचालच.

समताला शाळेतून काढलं त्याला ऑगस्टात वर्ष होईल. तेव्हा तुम्ही बोललात ते अजून माझ्या कानात आहे. "माह्या बापाले शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरं गिरवा लागली, अन् तू पोरीले हाताले धरून बाहेर काढून राह्यली? ती शाळेत जाईन तवाच माह्या उंबऱ्यावर पाय ठेव." वडनेरला तुमच्यासमोर मी रडले नाही. मलकापूरच्या गाडीत रडले, आणि शेजारच्या बाईनं मला माहेरी कोणी वारलं समजून पाण्याची बाटली दिली.

धर्माचं तुम्ही गिळलंत, बाबा, हे मी विसरले नाही. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, पुढं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत आणि तिसऱ्या दिवशी शमुवेलला म्हणालात, "जावईबापू, विहिरीवरची मोटर आवाज करून राह्यली, पाहता का जरा?" मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला याहून चांगलं आमंत्रण कोणतं? नातीचं नाव समता तुम्हीच ठेवलंत, आणि आमच्या चर्चमध्ये त्याच नावानं तिच्यासाठी प्रार्थना झाली. शाळेचं मात्र तुमच्या घशाखाली उतरत नाही. उतरू नये हेही मला समजतं. पण आमचीही बाजू एकदा ऐका.

समता बोलताना अडखळते, ते तुम्हाला माहीत आहे. पाचवीत वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की पोरं तिची नक्कल करायची. सकाळी दप्तर खांद्याला लावलं की ही ओकायची. लिंबू, ओवा, प्रार्थना, मेहकरचा डॉक्टर, सगळं करून पाहिलं. शेवटी चर्चमधल्या एका ताईंनी मला घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. तिथं सगळ्या पुण्या-बंगळुरूच्या. एक म्हणे हा अभ्यासक्रम घ्या, यात इतिहास गोष्टींतून आहे. दुसरी म्हणे तो घ्या, त्यात सगळं व्हिडिओवर. मी विचारलं, मराठीत कोणता मिळेल? अर्ध्या दिवसानं एकीनं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

चिखलीला केरळची एक नर्स होती, ती दुबईला निघाली. तिच्या मुलाची दोन खोके भरून जुनी पुस्तकं होती, परदेशात छापलेली, सगळी इंग्रजीत. ती तिनं आम्हाला दिली. आम्ही अभ्यासक्रम निवडला म्हणते, पण खरं म्हणजे पदरी पडलं आणि पवित्र झालं. सगळ्या पुस्तकांत त्या पोरानं पेन्सिलनं उत्तरं लिहिलेली. मी आणि समता आठ दिवस ती खोडत बसलो. चार खोडरबर संपले.

तुम्हीच मला डी.एड. करायला लावलंत आणि नोकरी काही लागली नाही. आता लागली आहे. विद्यार्थी एक, पगार नाही, बदलीची भीती नाही.

आईला नमस्कार.
तुमची
प्रेरणा


जानेफळ,
२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. आई म्हणाली, ते तुमच्या चष्म्याच्या डबीखाली आहे. मला तेवढं पुरे.

आमची शाळा छान चालली आहे. या अभ्यासक्रमात मूल आपल्या चालीनं पुढं जातं. एक पुस्तिका संपली की दुसरी, मागं राहिलं म्हणून कोणी ओरडत नाही. रोज बायबलमधलं एक वचन पाठ करायचं. ते ती चालीवर म्हणते, आणि चालीवर म्हटलं की तिची जीभ कुठंच अडत नाही.

त्यांची एक रीत मला फारच आवडली. मुलाला अडलं की त्यानं हात वर करायचा नाही, हाकही मारायची नाही. टेबलावर छोटी झेंडी लावायची. शमुवेलनं वाइंडिंगच्या जाड तांब्याच्या तारेची काडी करून लाकडाच्या ठोकळ्यात बसवली, मी ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचं लाल कापड शिवलं. मी पोळ्या लाटता लाटता बघते, झेंडी दिसली की हात पुसून जाते. ती पुस्तकावर बोट ठेवते, मी समजावते. एक अक्षर बोलायला लागत नाही, बाबा! पोरगी अशी खुलली आहे म्हणून सांगू. ओकणं तर बंदच झालं.

गमती रोज होतात. गणितातली नाणी परदेशी, मी त्यांचे रुपये-पैसे करते. सप्टेंबरचा पाठ सांगतो की अंगणात गळलेली पानं गोळा करा. इथं आमच्या दारापर्यंत सोयाबीन हिरवंगार! आम्ही समासात 'फाल्गुनात करू' असं लिहिलं आणि पुढं गेलो. बर्फाचा माणूस कसा करतात ते समजवायला मी फ्रीजरमधलं बर्फ खरवडून ताटलीत घेतलं, तर त्या माणसाचं डोकं होईपर्यंत पाय वितळले.

एक विचारायचं होतं. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा करून गुणायचा, हे मला येतं. उलटा का करायचा ते येत नाही. समतानं झेंडी लावून वहीत मोठ्या अक्षरांत 'का?' असं लिहून दाखवलं. तुम्ही आम्हाला पोळीचे तुकडे करून शिकवायचात, ते नीट आठवत नाही. नातीसाठी सांगायचं नसेल तर माझ्यासाठी सांगा. मी तर तुमच्या शाळेत पटावर होते ना?

प्रेरणा


जानेफळ,
१६ डिसेंबर २०२४

ती. बाबा,
जय भीम.

तुमचं पाकीट दिवाळीच्या आधीच मिळालं. आत एक कागद, त्यावर पोळीची आकृती, आणि खाली एवढंच की अर्ध्या पोळीत पाव पोळी किती वेळा बसते ते मोजावे. वर नाव नाही, खाली सही नाही. सहीशिवाय कागद सोडल्याचा हा तुमचा जन्मातला पहिला गुन्हा असेल. समताला ते एका दमात समजलं. तुमचा कागद तिनं भिंतीला चिकटवला आहे.

मी लगेच उत्तर लिहायला बसले होते. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. कारण मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. आमची शाळा छान चाललेली नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते. गव्हा-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, मोटारी जळून दुकानात ढीग लागलेला, त्यामुळे शमुवेल दुपारचा घरी नव्हता. समता विज्ञानाची पुस्तिका वाचत होती. त्यात लिहिलं आहे की ही पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची. तिनं झेंडी लावली. मी गेले तर वहीत लिहिलेलं, 'मग लोणार?' ती सात वर्षांची असताना तुम्ही तिला लोणारला नेलं होतं आणि सांगितलं होतं, इथं आभाळातून दगड पडला त्याला पन्नास हजार वर्षं झाली. तिनं ते ध्यानात ठेवलं होतं.

ग्रुपवर विचारलं असतं तर वीस उत्तरं आली असती, तीही मला पटली नसती. शमुवेल नंतर म्हणाला, "देवाचं वर्ष अन् आपलं वर्ष सारखंच असन, हे कोणं ठरवलं?" त्याचं त्यातच समाधान होतं. पण त्या क्षणी मी एकटी होते, पोळी तव्यावर जळत होती, आणि अज्ञान झाकायला माणूस आवाज चढवतो तसा मी चढवला. म्हटलं, "लिहून काय दाखवते? तोंडानं विचार. ठेव ती झेंडी!"

ती उभी राहिली. तिचा लो निघाला, पुढचं निघेना. मान ताठ झाली, डोळे मिटले. लो, लो, लो. मी म्हणाले, "पुरे. बस खाली."

बाबा, ते शब्द माझ्या तोंडून निघाले आणि माझे मलाच ओळखू आले. ते कुणाचे होते ते तुम्हाला सांगायला नको.

ती बसली. मग मला आठवेना की याआधी तिचा आवाज मी कधी ऐकला. वचनं सोडून, बोलण्याचा आवाज. त्या दिवशी ऐकला नव्हता, आदल्या दिवशीही नाही. तिला पाणी हवं असलं की झेंडी, भाजी नको असली की झेंडी, बाहेर खेळायला जाऊ का, तर झेंडी दारात आणून ठेवायची. मला वाटत होतं पोरगी सुखात आहे. पोरगी मुकी होत होती आणि मी हात पुसत पुसत तिच्या झेंडीमागं धावत होते. पुस्तकांचा यात दोष नाही. अडलेल्या मुलासाठी दिलेली वस्तू मी न बोलायची सोय करून टाकली.

आता जे लिहायला दीड वर्ष लागलं ते लिहिते. तिचं ओकणं शाळेमुळे सुरू झालं नव्हतं. ते सुरू झालं १५ एप्रिल २०२३ ला सकाळी, तुमच्या घरी, मोरीत.

आदल्या संध्याकाळी वडनेरला जयंतीचा कार्यक्रम होता. आपल्याकडे दर जयंतीला पोरं स्टेजवर 'माझे दोन शब्द' बोलतात. तुम्ही समतासाठी चार पानांचे दोन शब्द लिहिले होते. महिनाभर ती ते पाठ करत होती. निळा फ्रॉक घालून ती माइकसमोर उभी राहिली आणि 'अध्यक्ष महाशय'च्या पहिल्या अक्षरावर अडकली. मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. तुम्ही अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवरून उठलात, माइक आपल्याकडे वळवलात आणि म्हणालात, "बस खाली, पोरी." आणि पुढचं भाषण तुम्हीच केलंत, फार सुंदर केलंत, टाळ्या पडल्या.

तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही. तिला वाचवायला गेलात, की स्वतःला, ते तुम्हाला माहीत. पण मी काय करत होते? मी पहिल्या रांगेत फोन धरून व्हिडिओ काढत होते. मीही उठले नाही. गावात, चर्चमध्ये, ग्रुपवर सगळ्यांना मी शाळेचंच कारण सांगत आले, कारण शाळेचा राग करणं सोपं होतं. वर्गातली पोरं नक्कल करायची हे खरं, पण ती पोरं नंतर आली.

जूनमध्ये शाळेत घाल म्हणाल तर घालते. पुस्तकं परत खोक्यात भरते. पण तिचा आवाज मी कुठून आणून देऊ? तो तुम्ही आणि मी मिळून घालवला आहे, बाबा, आणि मला एकटीला तो परत आणता येत नाही.

प्रेरणा


जानेफळ,
२० जानेवारी २०२५

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

कार्ड मिळालं. "शनिवार दि. १ फेब्रुवारी, सकाळी दहा, लोणार बसस्टँड. मुलीने टोपी व पाण्याची बाटली आणावी. विज्ञानाची पुस्तिकाही आणावी." सहलीची सूचना जशी फळ्यावर लिहायचात, अगदी तशी. या वेळी सही आहे. रविवार टाळलात, आमची उपासना असते म्हणून, तेही ध्यानात आलं.

वडनेरहून लोणार म्हणजे तीन गाड्या बदलाव्या लागतील, आणि तुमचे गुडघे! आम्हीच आलो असतो, पण उंबऱ्याची अट तुमचीच आहे.

समताला कार्ड वाचून दाखवलं. ती आरशासमोर उभी राहून प्रश्नाचा सराव करते आहे. दार लावून करते, त्यामुळे नीट ऐकू येत नाही. लोणारच्या वयाचाच असणार. तयारीनं या.

प्रेरणा


जानेफळ,
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचल्याचं आईनं सांगितलं. गुडघ्यांना तेल लावून घ्या.

तिथं जे झालं ते तुम्हाला परत लिहून कळवायची काही गरज नाही, असं शमुवेल म्हणतो. पण तुम्ही शेवटचा बराच वेळ मान खाली घालून होता, म्हणून तुम्हाला जे दिसलं नाही तेवढं लिहिते.

सुरुवातीला तुम्ही तुमच्या नेहमीच्या थाटात होतात. कठड्याजवळ उभे राहून काठीनं दाखवत होता, "हे पाह्य पोरी, पन्नास हजार वर्सं. आता तं काही लोक त्याच्याहून कितीतरी जास्त म्हणतेत." मग पुस्तिका मागून घेतलीत. मला वाटलं आता फाडता की काय. तुम्ही ते पान वाचलंत, खिशातली पेन्सिल काढून समासात 'लोणार, प्रत्यक्ष पाहणे' असं लिहिलंत आणि तिला परत दिलीत. "पुस्तक त्याहीचं, डोये आपले. दोन्ही वापराचे." तुमच्या तोंडून आमच्या पुस्तकाबद्दल एवढं ऐकायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तेवढ्यावर घरी आलो असतो तरी मी समाधानी होते.

मग तिनं तुमची बाही ओढली. पिशवीत झेंडी होती, तिनं ती काढली नाही. तुम्ही "हो, हो, विचार, दगडाचं विचाराचं ना?" म्हणालात आणि तिथंच थांबलात. ते थांबणं मी पाहिलं. तिचा आ सुरू झाला, तुमचे ओठ हलले, आणि तुम्ही ते मिटून घेतलेत. पायऱ्यांवरून सहलीची पोरं खाली उतरून गेली तरी तिचं वाक्य संपलं नव्हतं. तुम्ही नजर काढली नाहीत. आणि वाक्य संपलं तेव्हा त्यात दगडही नव्हता, वर्षंही नव्हती.

"आजोबा, त्या दिशी मले खाली बस काऊन म्हटलं?"

दार लावून ती इतके दिवस हे पाठ करत होती. मला माहीत असतं तर मी तिला अडवलं असतं, म्हणून बरं झालं मला माहीत नव्हतं.

तुम्ही काठी कठड्याला टेकवलीत आणि त्या गुडघ्यांनिशी, धुतलेल्या पांढऱ्या पायजम्यानिशी, खाली मातीत बसलात. मी हात द्यायला आले तर मला दूर केलंत. म्हणालात, "मले लाज वाटली होती, पोरी. तुही नाही, लोकाइची. आता मी बसलो. तू उभी राय. भाषण राह्यलं ना तुहं?"

आणि तिला चारही पानं येत होती, बाबा. पावणेदोन वर्षं झाली, अजून पाठ! 'अध्यक्ष महाशय' म्हणायलाच तिला किती वेळ लागला. तुम्ही मान खाली घातलीत ती तेव्हा. म्हणून लिहिते. तिचे डोळे उघडे होते. अडली की ती मिटून घेते ना, तसे मिटले नाहीत. मान ताठली, पण ती तुमच्या डोक्याकडे बघत, जिथं अडली तिथून परत उचलत बोलत होती. शेळ्यांमागं आलेली एक म्हातारी वाकून बघून गेली. पाऊण तास लागला. तुमचं लिहिलेलं भाषण मला कधी एवढं आवडलं नव्हतं.

काल सकाळी मी भाकरी थापत होते. समता टेबलाशी बसली होती, झेंडी समोर होती. ती बराच वेळ झेंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आ, आ, आई, पाणी." मी मुद्दाम भाकरी उलटून मगच उठले. लगेच धावले असते तर रडले असते.

पुस्तकं खोक्यात भरलेली नाहीत. वचनं आणि गणित त्यांचं, विज्ञान सरकारी पुस्तकातून, आणि इतिहास तुम्ही शिकवायचा, पत्रानं. उत्तर तुम्हाला ती लिहून पाठवणार नाही, फोनवर बोलून देणार आहे, तेव्हा फोन आईच्या हातात द्यायचा नाही. शाळेचं जूनमध्ये तिलाच विचारू. तिनं नाही म्हटलं तर तुम्हाला माझं ऐकावं लागेल, आणि हो म्हटलं तर मला तुमचं.

गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मेहकर येईपर्यंत एक वाक्य बोलली. आजोबा टाळ्या वाजवायचे विसरले.

त्या बाकी आहेत, बाबा. १४ एप्रिलला आम्ही तिघं वडनेरला येत आहोत. उंबऱ्याचं काय ते तुम्ही बघा. अध्यक्षांना मात्र आधीच सांगून ठेवा की एका मुलीच्या दोन शब्दांना पाऊण तास लागेल.

तुमची
प्रेरणा